निबंधाचा आराखडा: प्रश्न हातात आल्यापासून पहिलं वाक्य लिहीपर्यंत

“बाई, माका सगळा म्हायत हा, पण सुरवात खंयसून करू?”

नववीतल्या एका मुलीनं हे विचारलं तेव्हा तिच्यासमोरचं पान कोरं होतं आणि वीस मिनिटं सरली होती. प्रश्न मासेमारीवरचा होता. तिच्या घरी तीन पिढ्यांपासून होडी आहे. त्या विषयातलं तिच्याइतकं वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. शेवटी तिनं दोन पानं भरली. माशांची नावं, जाळ्यांचे प्रकार, आजोबांची वादळातली गोष्ट. इंग्रजी बरं होतं. पण प्रश्नानं जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्या दोन पानांत कुठेच नव्हतं आणि मला गुण कापावे लागले. ते गुण कापताना मला फार वाईट वाटलं, कारण चूक तिला शिकवण्यातच राहून गेली होती. निबंध कसा लिहावा हे मी सांगितलं होतं. लिहिण्याआधी काय करायचं ते सांगितलंच नव्हतं.

मी मालवणजवळच्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते. आठवी ते दहावीच्या मुलांसोबत वर्षानुवर्षं जे करत आले ते इथे क्रमानं लिहिते आहे. उदाहरण त्या मुलीच्याच प्रश्नाचं घेते. मूळ प्रश्न इंग्रजीत होता. त्याचा मराठी आशय असा:

“पावसाळ्यातली मासेमारी बंदी सध्या दोन महिन्यांची आहे. ती आणखी वाढवावी असं काही लोकांचं म्हणणं आहे. तुम्हाला हे कितपत पटतं? कारणं आणि तुमच्या पाहण्यातली उदाहरणं देऊन सुमारे २५० शब्दांत लिहा.”

प्रश्न सोलून घ्या

प्रश्न दोनदा वाचा. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात हवी. चार गोष्टी शोधायच्या आहेत आणि प्रत्येकीखाली वेगळी खूण करायची आहे.

पहिली, विषय: मासेमारी. दुसरी, विषयाचा नेमका कुठला तुकडा: पावसाळ्यातली बंदी, आणि त्यातही ती वाढवणं. तिसरी, करायचं काय: कितपत पटतं ते सांगायचं. चौथी, अटी: कारणं हवीत, स्वतः पाहिलेली उदाहरणं हवीत, शब्द २५०.

दुसऱ्या गोष्टीपाशी सगळ्यात जास्त मुलं घसरतात. ‘बंदी’ हा शब्द दिसला की बंदी चांगली की वाईट यावर लिहायला लागतात. प्रश्न तो नाही. आहे ती बंदी योग्य आहे असं मानणारा माणूससुद्धा वाढीव दिवसांना विरोध करू शकतो. एवढा बारीक फरक हाती लागला तर निम्मा आराखडा तयार झाला म्हणून समजा.

फरक हाती लागला की नाही हे कसं कळणार? प्रश्न घरच्या बोलीत एका ओळीत लिहून पाहा. माझी मुलं वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहितात: “बंदी आजून वाढवूची काय नको, आणि कित्या?” (कित्या म्हणजे का.) ही ओळ वाचून घरातल्या आजीला लगेच मत देता आलं तर प्रश्न समजला. आजी म्हणाली, “कसली बंदी, काय वाढवूची?” तर काहीतरी निसटलं आहे, परत वाचा. मालवणीत लिहिलं म्हणून इंग्रजी बिघडत नाही. ही ओळ परीक्षकासाठी नसते, ती तुमच्या डोक्यासाठी असते.

क्रियापदाकडे बघा

इंग्रजी प्रश्नाची किल्ली बहुतेक वेळा क्रियापदात असते. ‘डिस्क्राइब’ म्हटलं असेल तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभं करायचं. आराखडा वेळेच्या किंवा जागेच्या क्रमानं चालतो. ‘एक्सप्लेन’ म्हणजे का आणि कसं. तिथे कारण आणि परिणाम अशी साखळी लागते. ‘कम्पेअर’मध्ये दोन गोष्टी एकाच कसोटीवर घासून बघायच्या. ‘डिस्कस’ आलं की दोन्ही बाजू मांडून मग स्वतःचं मत.

‘डू यू अग्री’ आणि ‘टू व्हॉट एक्स्टेंट’ ही भावंडं आहेत, पण जुळी नव्हेत. पहिल्यात पटतं की नाही ते सांगा. दुसऱ्यात किती पटतं ते सांगा, सोळा आणे की बारा आणे. आपला प्रश्न दुसऱ्या जातीचा आहे, म्हणजे “काही अंशी पटतं” म्हणायची मोकळीक आहे. पण मग कोणता अंश पटतो आणि कोणता नाही हे स्पष्ट सांगावं लागतं. “दोन्ही बाजू बरोबर आहेत” असं लिहिणं म्हणजे उत्तर टाळणं.

कच्चं पान: इथे मराठी चालते

आता शेवटचं पान उघडा आणि सुचेल ते टिपा. क्रम नको, पूर्ण वाक्यं नकोत, आणि इंग्रजीचा हट्ट तर मुळीच नको. याबाबत माझं मत पक्कं आहे. इंग्रजीत विचार करा असं मुलांना सांगितलं जातं, आणि मग मूल त्याला जेवढं इंग्रजी येतं तेवढाच विचार करतं. ज्या मुलीला पाण्याच्या रंगावरून माशाचा थवा ओळखता येतो ती लिहिते ‘फिश इज गुड फॉर हेल्थ’. विचार मराठीत, मालवणीत, जमेल त्या भाषेत येऊ द्या. इंग्रजीची पाळी नंतर येणारच आहे.

सुचत नसेल तर स्वतःला चार प्रश्न विचारा: मी डोळ्यांनी काय पाहिलं? घरी काय ऐकलं? विज्ञान-भूगोलात काय शिकलो? आणि माझ्या उलट मत असलेला माणूस काय म्हणेल?

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी परत बसवलं आणि हे चार प्रश्न तोंडी विचारले. पाच मिनिटांत तिच्या कच्च्या पानावर साधारण हे आलं:

१ जून ते ३१ जुलै बंद, ६१ दिवस. आधी ४७ दिवस होते, २०१५ पासून वाढले. बऱ्याच माशांची अंडी घालायची वेळ. समुद्र खवळलेला. इंजिन नसलेल्या होड्यांना बंदी नाही. होडी ओढून वर घेतात, शाकारतात. जाळी विणणं. खलाशी गावी जातात, तरी काहींना उचल द्यावी लागते. बँकेचा हप्ता थांबत नाही. जूनमध्येच शाळा सुरू होते, वह्या-दप्तर. सुके बांगडे, खारं. एलईडी दिव्यांच्या उजेडानं मासे गोळा करून रात्री ओढणारे मोठे ट्रॉलर. आजोबा नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जात नसत. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, आता पहिल्यासारखे मासे नाहीत.

आदल्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसलेली मुलगी हीच. सगळं आतच होतं, फक्त हाका मारायच्या होत्या.

आकड्यांबद्दल एक सूचना. माहीत असलेला आकडा जरूर टिपा. ६१ दिवस हे तिला घरूनच ठाऊक होतं. पण नक्की माहीत नसेल तर “७० टक्के मच्छीमार” असलं काही रचू नका. “आमच्या वाडीतल्या तीन घरांनी गेल्या वर्षी कर्ज काढलं” हे खरं असेल तर ते कुठल्याही रचलेल्या टक्केवारीपेक्षा वजनदार आहे. प्रश्नानं पाहण्यातली उदाहरणं मागितली आहेत, ती नेमकी हीच.

बाजू ठरवा, एका वाक्यात

कच्चं पान समोर ठेवा आणि बघा, कोणत्या बाजूला तुमच्याकडे सांगण्यासारखं जास्त आहे. परीक्षकाला काय आवडेल याचा अंदाज बांधू नका. गुण मताला मिळत नाहीत, मत उभं करण्याला मिळतात.

मग मुख्य वाक्य लिहा. त्यात ‘कारण’ हा शब्द आलाच पाहिजे. त्या मुलीचा पहिला प्रयत्न होता: “मासेमारी बंदीचे फायदे आणि तोटे आहेत.” हे वाक्य कुणीही नाकारणार नाही, म्हणून ते निरुपयोगी आहे. दुसरा प्रयत्न: “बंदी वाढवू नये.” बाजू आली, कारण नाही. तिसरा असा उतरला:

“बंदीचा हेतू मला पटतो, पण दिवस वाढवणं पटत नाही, कारण वाढीव दिवसांचा भार लहान होडीवाल्यावर पडतो आणि माशांचं खरं नुकसान बाकीच्या दहा महिन्यांत नियम मोडणारे करतात.”

या वाक्याला तीन प्रश्न विचारा. प्रश्नाचं थेट उत्तर यात आहे का? समोरचा यावर वाद घालू शकेल का? पुढे काय येणार याची चाहूल लागते का? तिन्हीला हो आलं तर पुढे चला. इथे तर परिच्छेदही दिसायला लागले आहेत: हेतू पटतो हा एक, लहान होडीवाला हा दुसरा, नियम मोडणारे हा तिसरा.

निवडणं आणि गाळणं

आता कच्च्या पानावरच्या प्रत्येक टिपेला विचारा, “तू माझ्या मुख्य वाक्याच्या कामाची आहेस का?” कामाची असेल तर तिच्यापुढे परिच्छेदाचा आकडा घाला. नसेल तर आडवी रेघ मारा. भात निवडताना खडा दिसला की आपण तो बाजूला टाकतोच, मग तो कितीही गुळगुळीत का असेना.

ही पायरी मुलांना सगळ्यात जड जाते. जाळी विणणं तिला फार आवडतं, त्यावर ती अर्धा तास बोलू शकते. पण बंदी वाढवावी की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. रेघ. होडी शाकारणं, रेघ. समुद्र खवळलेला असतो हे आहे त्या बंदीचं कारण झालं. वाढीव दिवसांबद्दल ते फार काही सांगत नाही. पहिल्या परिच्छेदात अर्धं वाक्य पुरे.

आणि मग नारळी पौर्णिमा आली. ती म्हणाली, “ह्या तर सणाचा झाला, काढून टाकतंय.” मी थांबवलं. नारळी पौर्णिमा श्रावणातली, म्हणजे बहुधा ऑगस्टात येते. २०२४ साली ती १९ ऑगस्टला होती. बंदी ३१ जुलैला उठते. म्हणजे आजोबांच्या काळातली प्रथा आजच्या कायद्यापेक्षा लांब होती! बंदी वाढवा म्हणणाऱ्यांच्या हातातला हा सगळ्यात चांगला मुद्दा, आणि तो तिच्याच घरात होता.

विरुद्ध बाजूचा मुद्दा सापडला की मुलं तो लपवतात. लपवू नका, आराखड्यात त्याला हक्काची जागा द्या आणि लगेच त्याला उत्तर द्या. तिचं उत्तर तिनंच शोधलं: आजोबांच्या होडीला इंजिन नव्हतं, त्यामुळे इंजिनाचं कर्जही नव्हतं; घरी थोडी भातशेती होती, पावसाळा त्यावर निघायचा. आज वडिलांच्या डोक्यावर हप्ता आहे. हे उत्तर तिच्या घरातून आलं, म्हणून खरं वाटतं.

उत्तर सापडलंच नाही तर? तर कदाचित मुख्य वाक्यच बदलायला हवं. आराखड्याच्या टप्प्यावर मत बदलणं स्वस्त पडतं. दीड पान लिहून झाल्यावर ते परवडत नाही.

क्रम आणि मोजमाप

२५० शब्दांचा हिशेब सोपा आहे. सुरुवातीला ३५, शेवटाला ३५, मधे तीन परिच्छेद प्रत्येकी ६०. साठ शब्द म्हणजे इंग्रजीची चार-पाच वाक्यं: एक मुद्दा, एक कारण, एक उदाहरण. तीनपेक्षा जास्त मुद्दे घेतले की प्रत्येक उपाशी राहतो.

क्रमाबद्दल माझी सवय अशी: जे मान्य आहे ते आधी, सगळ्यात बळकट मुद्दा शेवटी. आधी मान्य करून टाकलं की वाचणारा तुमचं पुढचं शांतपणे ऐकतो. तिचा आराखडा शेवटी असा झाला:

सुरुवात: ६१ दिवसांची बंदी, ती वाढवावी ही मागणी, माझं मुख्य वाक्य.

परिच्छेद १, हेतू बरोबर आहे: अंडी घालायची वेळ, रापणीला मासे कमी झालेले मी पाहते, २०१५ मध्ये दिवस वाढले ते आम्ही स्वीकारले.

परिच्छेद २, भार कुणावर: वडिलांचा हप्ता, खलाशांची उचल, जूनमधली शाळा. आजोबांची नारळी पौर्णिमा आणि आता काय बदललं.

परिच्छेद ३, नुकसान कुठे होतं: एलईडी लावून मासेमारीला २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री समुद्रात उजेड दिसतो. मासे बंदीत वाचतात आणि नंतर एका रात्रीत ओढले जातात.

शेवट: दिवस तेवढेच ठेवा, गस्त वाढवा.

आता कसोटी. तिन्ही परिच्छेदांची फक्त पहिली वाक्यं ओळीनं वाचा. सलग बोलल्यासारखी वाटली तर क्रम बसला. दोन वाक्यांची अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल तर तुमच्याकडे नुसती यादी आहे, तिला ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरीसुद्धा’ यांनी बांधा. हेच शब्द पुढे ‘देअरफोर’, ‘बट’, ‘इव्हन सो’ होतात. आराखड्यातच ते परिच्छेदांच्या मधल्या जागेत लिहून ठेवावेत.

मराठीतून इंग्रजीत उतरताना

आराखड्यातली मराठी वाक्यं शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेऊ नका. मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत कर्त्याच्या मागोमाग. तसंच्या तसं नेलं की वाक्य लंगडतं. त्याऐवजी प्रत्येक परिच्छेदासाठी लागणारे पाच-सहा इंग्रजी शब्द समासात लिहा: ‘कॅच’, ‘लोन’, ‘क्रू’, ‘बर्डन’, ‘पेट्रोल’. हा शेवटचा गस्तीसाठीचा. मुलांना तो इंधनाचा वाटतो, स्पेलिंग वेगळं आहे ते तेव्हाच नीट बघून घ्यावं.

शब्द आठवत नसेल तर अडून बसू नका. विणीच्या हंगामाला एक खास इंग्रजी शब्द आहे, पण ‘द टाइम व्हेन फिश ले देअर एग्ज’ म्हटल्यानं एकही गुण जात नाही. आणि ‘रापण’ रापणच राहू द्या. पुढे अर्ध्या ओळीत सांगा की ते किनाऱ्यावरून अनेक माणसांनी मिळून ओढायचं मोठं जाळं असतं. ‘नेट’ लिहून ती रापण हरवते.

किती वेळ द्यायचा

घरी किंवा स्पर्धेत अर्धा तास असेल तर आठ मिनिटं आराखड्याला. बोर्डाचा पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा. म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं आणि पाच गुणांच्या लेखनाला सुमारे अकरा. त्यातली तीन आराखड्याला द्या. शेजारचा मुलगा लिहायला लागला म्हणून घाबरू नका.

वेगळा प्रश्न, वेगळा साचा

वरचा आराखडा मत मागणाऱ्या प्रश्नाचा आहे. तो सगळीकडे लावता येत नाही. समजा, तुम्ही अनुभवलेल्या वादळाचं वर्णन करायचं आहे. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, दापोली-मंडणगडच्या बागा त्यात आडव्या झाल्या. तिथल्या मुलानं सकाळपासून रात्रीपर्यंत सगळं सांगायला घेतलं तर २५० शब्दांत बातमी होईल. त्यानं एक तास निवडावा: कौलं उडायला लागली तो, किंवा वारा थांबल्यावर दार उघडलं तो. आराखड्यात मग मुद्द्यांऐवजी काय दिसलं, काय ऐकू आलं, कोण काय बोललं अशा टिपा येतील.

कोकण रेल्वेच्या आधीचं आणि नंतरचं गाव अशी तुलना आली तर बहुतेक जण अर्धं पान ‘आधी’ आणि अर्धं ‘नंतर’ लिहितात. त्यात तुलना वाचणाऱ्याला करावी लागते. कसोट्या घ्या: मुंबईला जायला लागणारा वेळ, गणपतीला येणारे चाकरमानी, गावात राहिलेली माणसं. प्रत्येक परिच्छेदात एका कसोटीवर आधी आणि नंतर दोन्ही. गाडी १९९८ साली पूर्ण मार्गावर धावली, तेव्हा आजचे विद्यार्थी जन्मलेले नव्हते. म्हणून या प्रश्नाचं कच्चं पान आजोबांशेजारी बसून भरावं लागतं.

शिक्षक आणि पालकांसाठी

पाठ केलेल्या निबंधांनी मुलांचं फार नुकसान होतं. ‘माझं गाव’ पाठ असलेल्या मुलाला ‘तुमच्या गावात कोणती एक गोष्ट बदलावी’ असं विचारलं तर तो तरीही पाठ केलेलंच लिहितो. त्याला नवा निबंध पाठ करायला देऊ नका. आठवड्याला तीन प्रश्न द्या, तिन्हींचे नुसते आराखडे करून घ्या आणि त्यातल्या एकाचाच निबंध लिहायला सांगा. आराखडा तपासायला दोन मिनिटं लागतात, चूकही तिथेच पकडता येते. घरी इंग्रजी येत नसलं तरी पालक हे करू शकतात. प्रश्नाचा अर्थ मुलाकडून मराठीत ऐका आणि विचारा, “मग तुझं म्हणणं काय, आणि का?”

सरावासाठी तीन प्रश्न देते. प्रत्येकाचा आराखडा आठ मिनिटांत, निबंध नको.

एक: २०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. अशा मानांकनाचा लहान बागायतदाराला कसा उपयोग होऊ शकतो ते समजावून सांगा. इथे ‘लहान’ या शब्दाखाली खूण झालीच पाहिजे.

दोन: वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला पर्यटक येतात. अशा पर्यटनानं कासवांचं भलं होतं, हे तुम्हाला कितपत पटतं?

तीन: तुमच्या बंदरावर किंवा बाजारात पहाटेच्या लिलावाच्या वेळी तुम्ही उभे आहात. जे दिसतं त्याचं वर्णन करा. मत मागितलेलं नाही, तेव्हा मुख्य वाक्य शोधत बसू नका. कुठे उभे आहात ते आधी ठरवा, आणि तिथून दिसणार नाही ते पानावर येऊ देऊ नका.